कर्नल बदलला, डिस्क सापडेना!

सभासद बंधूंनो, लिनक्सवर नवा कर्नल चढवला की कधी कधी हार्ड डिस्क सापडत नाही. ऊसनोंद, बिलाचा हिशेब सारा गेला असे वाटते. घाबरू नका, बहुधा माल जागेवरच असतो.

कारण असे. आयडीई डिस्कचे नाव पूर्वी ‘एचडीए’ असे. २००७ च्या सुमारास नव्या ड्रायव्हरमुळे ते ‘एसडीए’ झाले. २०२१ च्या ५.१४ कर्नलातून जुना ड्रायव्हर काढूनच टाकला. गाडीचा नंबर बदलला म्हणून ऊस कमी होत नाही. पण काट्यावर जुनाच नंबर पुकारला तर गाडी सापडायची कशी?

१) फॉरमॅट मुळीच करू नका.
२) ग्रबच्या यादीतून जुना कर्नल निवडा. त्यावरही डिस्क दिसेना, तर केबल तपासा.
३) चालू होताच नोंदींची दुसरी प्रत काढा.
४) ‘बीएलकेआयडी’ ही आज्ञा देऊन यूयूआयडी पाहा, ‘एफएसटॅब’ व ग्रबमध्ये नावाऐवजी तोच लिहा. गट नंबरासारखा तो फॉरमॅटशिवाय बदलत नाही.
५) तरी अडले, तर ‘इनिटरॅमएफएस’ पुन्हा तयार करा, ड्रायव्हर त्यातून राहिला असेल.

सिरोंचा-भामरागडकडे मेकॅनिक लगेच मिळत नाही. म्हणून नवा नीट चालेपर्यंत जुना कर्नल पुसू नका.