बाळाच्या जांघेत गोळा: थांबायचे कधी, खर्च कुठे वाचतो?

बाळ रडले की जांघेत फुगवटा येतो, झोपले की दिसेनासा होतो. ‘गेला’ म्हणून घरचे निर्धास्त होतात. जांघेतला हर्निया (पोटातले आतडे फटीतून बाहेर येणे) मात्र असाच लपतो. मुलग्यांत, उजव्या बाजूला आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांत तो जास्त आढळतो. मुलींमध्ये त्यात अंडाशयही उतरू शकते. फुगवटा दिसताच मोबाइलवर फोटो काढा. तपासणीवेळी तो दिसेलच असे नाही.

काय थांबू शकते?
बेंबीचा हर्निया बहुधा चार-पाच वर्षांत आपोआप बुजतो. त्यावर नाणे किंवा पट्टा बांधू नका. अंडकोषातले पाणी (हायड्रोसील) बरेचदा एक-दोन वर्षांत जिरते, पण निदान डॉक्टरांकडूनच करून घ्या. जांघेतला हर्निया मात्र आपोआप बरा होत नाही. त्याला शस्त्रक्रियाच लागते.

काय थांबू शकत नाही?
गोळा कडक, लाल, दुखरा झाला, आत जाईना, बाळ उलट्या करू लागले किंवा पोट फुगले, तर आतडे अडकले असू शकते. गोळा दाबू नका, दूध पाजू नका. १०८ला फोन करा. ही रुग्णवाहिका मोफत आहे.

खर्च
मेहकर तालुक्यातल्या हिवरा आश्रम गावात गृहभेटीला येणाऱ्या आशाताईंना गोळा दाखवा. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक आले की त्यांच्याकडून पुढची चिठ्ठी घ्या. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार मोफत आहेत. मात्र तान्ह्या बाळाला भूल देणारे आणि बालशल्यचिकित्सक सगळीकडे नसतात. म्हणून कुठे जायचे, मेहकर, बुलढाणा की अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, हे आधी विचारूनच निघा. फुकटची फेरी आणि बुडालेली मजुरी वाचेल.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हे ऑपरेशन कोणत्या रुग्णालयात बसते, ते १५५३८८ वर किंवा रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड, पालकांचे आधार आणि बाळाचा जन्मदाखला जवळ ठेवा.

खासगीत जायचे तर लेखी अंदाज मागा. त्यात शस्त्रक्रिया, भूल, खाट, औषधे आणि फेरतपासणी वेगवेगळी लिहिलेली हवी. बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल तर ऑपरेशननंतर रात्रभर देखरेख लागू शकते. तिचा आकडाही आधीच विचारा.

ठरवून केलेल्या ऑपरेशनला योजनेची मंजुरी आणि योग्य डॉक्टर शोधायला वेळ मिळतो. आतडे अडकल्यावर जे जवळ सापडेल ते रुग्णालय गाठावे लागते. निदान झाल्यावर तारीख पुढे ढकलू नका.