वर्तुळ बंद झालं नाही, तर साइन तपासा

सुरतच्या नवागामात एम्ब्रॉयडरीचं पंचिंग, म्हणजे नक्षीची टाक्यांची फाइल, करणाऱ्यांसाठी मी छोटे प्रोग्राम लिहितो. एका कारखान्यातून तक्रार आली. साडीवरचं 60 मिलिमीटर त्रिज्येचं वर्तुळ बंदच होत नव्हतं, सुरुवात आणि शेवट यांत तीन मिलिमीटरहून जास्त फट राहत होती. सगळे धाग्याला, फ्रेमला, कापडाच्या ताणाला दोष देत होते. दोष गणितात निघाला.

प्रोग्राममध्ये वेगासाठी पुढचा बिंदू मागच्या बिंदूवरून काढला होता: एका अंशाचा साइन म्हणजे रेडियनमधला तो कोनच आणि कोसाइन म्हणजे 1. एका पायरीला त्रिज्या जेमतेम 0.00015 पट वाढते, कुणाच्या नजरेत येत नाही. पण ती प्रत्येक पायरीला वाढते. 360 पायऱ्यांनंतर साडेपाच टक्क्यांच्या वर जाते. आणि वाचलं काय? प्रोग्रामिंग लायब्ररीचा तयार साइन सेकंदाच्या दशलक्षांशापेक्षाही कमी वेळात येतो. मशीन मिनिटाला हजाराच्या आसपास टाके घालतं. वाचवलेला वेळ कुणाच्याच उपयोगाचा नव्हता.

म्हणून झटपट सूत्र वाईट, असं मी मुळीच म्हणणार नाही. इथल्या कितीतरी कुटुंबांचं गाव खानदेशात आहे, आणि खानदेशातल्याच चाळीसगावजवळच्या पाटणला भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने मठ स्थापला होता. भास्कराचार्यांनी लीलावतीत परिघासाठी 3927/1250 हे सूक्ष्म प्रमाण दिलं, आणि व्यवहारापुरतं 22/7 सुद्धा. जीवेचं जे झटपट सूत्र तिथे आहे, ते मुळात सातव्या शतकातल्या पहिल्या भास्कराचं: 4 × कोन × (180 − कोन) याला 40500 − कोन × (180 − कोन) ने भागायचं, की साइन आला. कोन 0 ते 180 अंशांत असेल तर चूक फार तर 0.0016 च्या आसपास.

आता हे कापडावर मोजा. एम्ब्रॉयडरी मशीनच्या डीएसटी फाइलमधलं सर्वांत लहान माप 0.1 मिलिमीटर. 30 मिलिमीटर त्रिज्येच्या बुट्ट्यात त्या सूत्राची चूक 0.05 च्या आत राहते, खुशाल वापरा. 100 मिलिमीटरच्या वर्तुळात ती 0.16 होते, तिथे लायब्ररीचाच साइन घ्या. एका उत्तरावरून पुढचं उत्तर मात्र काढू नका; त्रिज्या कितीही लहान असो, प्रत्येक बिंदू केंद्रापासून नव्याने काढा. टाक्यांमधलं अंतर पूर्णांकात बसवतानाही आधी प्रत्येक मूळ जागा पूर्णांकात आणा आणि मग वजाबाकी करा. एकेक अंतर पूर्णांकात आणून त्यांची भर घालत गेलात तर चूक साचते.

कोन सतत वाढत जाणार असेल तर तो पूर्ण अंशांत ठेवा, 360 ने भागून बाकी घ्या आणि मगच रेडियन करा. साध्या फ्लोटमध्ये सातच्या आसपास अंक मावतात. कोन लाखांत गेला की दशांशानंतरचे जेमतेम एक-दोनच शिल्लक राहतात.