तौहीद : एकाच्या विचाराचा पाठ



वारीच्या वाटेवर एका म्हाताऱ्या माळकऱ्याने आम्हांस विचारले, “महाराज, मुसलमानही देव एकच म्हणतात अन् आपणही एकच म्हणतो. मग फरक तो कशात?” आम्ही काहीतरी गुळमुळीत सांगून वेळ मारून नेली. पण ते मनाला टोचत राहिले. दुसऱ्याच्या धर्माविषयी बोलायचे, तर तो स्वतःविषयी काय सांगतो ते आधी ऐकून घ्यावे. म्हणून हा पाठ.

ईश्वर एकच आहे असे जाणणे आणि तसे वागणे, याला अरबी भाषेत ‘तौहीद’ म्हणतात. इस्लामचा सगळा डोलारा याच एका खांबावर उभा आहे. कुराणात ११४ सूरा, म्हणजे अध्याय आहेत. त्यांतील ११२ वी अवघ्या चार आयतींची. ईश्वर एक आहे. सर्वांना त्याची गरज, त्याला मात्र कोणाचीच नाही. त्याला ना संतती, ना मायबाप, ना कोणी तोडीचा, एवढाच तिचा आशय. हे ‘एक’ मोजणीतले नव्हे बरे का! मोजणीत एकापुढे दोन येतात. येथे दुसऱ्याला जागाच नाही. त्या एकाच्या जोडीला दुसरे कोणी बसवणे याला ‘शिर्क’ म्हणतात, आणि कुराणाच्या मते याहून मोठे पाप नाही.

हा विचार समजावा म्हणून कुराणात इब्राहिमाची कथा आली आहे. रात्री तारा दिसला, तो म्हणाला हाच माझा देव, तारा मावळला. मग चंद्र, मग सूर्य, तेही मावळले. तेव्हा मावळणाऱ्यांकडे पाठ फिरवून, ज्याने हे सारे निर्माण केले त्याच्याकडे त्याने तोंड वळविले. किती साधी गोष्ट, पण पोटात केवढा विवेक!

इ. स. ६३० मध्ये मक्का हाती आल्यावर पैगंबर महंमदांनी काबेतील मूर्ती काढून टाकल्या. स्वतःचीही पूजा त्यांनी होऊ दिली नाही. ६३२ मध्ये ते गेले तेव्हा लोक सैरभैर झाले. अबू बक्र यांनी त्यांना बजावले, की महंमद मरण पावले, ईश्वराला मरण नाही. संदेश आणणारा कितीही थोर असला, तरी तो माणूसच.

आता फरक. तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. आपण सगुण रूपापुढे डोके टेकतो, अवतार मानतो. इस्लामला मूर्ती नाही, अवतार नाही. मात्र नामाची गोडी तिकडेही आहे. ईश्वराची ९९ नावे परंपरेने सांगितली जातात आणि जपाला माळही असते. नावे अनेक, नामी एक.

पण आम्हांला सर्वांत जास्त विचार करायला लावले ते पुढेच. वर सांगितलेल्या त्या चार आयतींच्या सूरेचे नाव ‘इख्लास’. म्हणजे निखळपणा, मनाची शुद्धता. गंमत अशी, की हा शब्द सूरेत कोठेच नाही. फक्त नावात आहे. ईश्वराला एक मानणाऱ्याचे मनही भेसळीचे नसावे, हेच जणू ते नाव सांगते. आणि लोकांनी पाहावे म्हणून केलेली भक्ती, तिला पैगंबरांच्या वचनांत ‘लहान शिर्क’ म्हटले आहे. दगडाची मूर्ती दूर केली, तरी ‘लोक मला भक्त म्हणोत’ ही मूर्ती आत बसलेलीच राहते.

वाचकहो, हा बाण केवळ मुसलमानांसाठी आहे काय? ‘आमच्या इतक्या वाऱ्या झाल्या’ असे चारचौघांत सांगताना आपण कोणाला पूजत असतो? खरे सांगायचे, तर कीर्तनाला मान डोलते की नाही हे आम्हीही चोरून पाहिले आहे.

त्या म्हाताऱ्या माळकऱ्याला आता सांगू, “बाबा, फरक आहे. त्यांची वाट निराळी, आपली निराळी. पण देवाच्या शेजारी स्वतःला बसवू नये, हा धडा दोन्ही वाटांवर सारखाच अवघड आहे.”