एक वडापाव = ४२ वेळा जिना

थर्मोडायनॅमिक्सचा पहिला नियम आपण सगळेच पाठ करतो, पेपरात लिहितो आणि विसरतो. मीही विसरलो होतो. मागच्या वर्षी सुट्टीत घरी गेलो तेव्हा बाबांना डायबेटिस निघाला. वय ४६. डॉक्टरांनी त्यांना औषधं लिहून दिली आणि मग माझ्याकडे बघून विचारलं, "तुझं वजन किती रे?" म्हटलं, ८४. उंची १७० सेंटीमीटर. त्यांनी टेप काढून माझी कंबर मोजली. ९८! आपल्याकडच्या पुरुषांनी ९० सेंटीमीटरच्या आत आणि बायकांनी ८० च्या आत राहावं, असं ते म्हणाले. बाबा काहीच बोलले नाहीत, नुसते माझ्याकडे बघत राहिले.

हॉस्टेलला परत आलो ते एकदम जोशात. नाश्ता बंद, रात्रीचं जेवण बंद, दुपारी फक्त दोन पोळ्या. नऊ दिवसांत चार किलो उतरले! दहाव्या दिवशी वर्कशॉपमध्ये फायलिंग करताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी खाली बसलो. त्यानंतर महिनाभरात चारही किलो परत. याचं कारण नंतर वाचनात आलं. शरीर साखरेचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात ठेवतं आणि त्याच्याबरोबर जवळजवळ तिप्पट पाणी धरून ठेवतं. उपाशी राहिलं की आधी हे पाणी जातं. काटा खाली येतो, चरबी मात्र बरीचशी तिथेच.

१९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ तरुण स्वयंसेवकांना जवळजवळ सहा महिने अर्धपोटी ठेवून अभ्यास केला होता. त्या तरुणांना जेवणाशिवाय दुसरं काही सुचेना, स्वयंपाकाची पुस्तकं वाचत बसायचे. मला हे पटलं, कारण नवव्या दिवशी मी लेक्चरच्या वहीत मेसचा मेनू लिहीत होतो.

मग ठरवलं, आधी हिशोब करू. माझी खोली तिसऱ्या मजल्यावर, म्हणजे साधारण ९ मीटर वर. एम-जी-एच काढा: ८४ × ९.८ × ९ = सुमारे ७.४ किलोज्यूल, म्हणजे पावणेदोन किलोकॅलरी. स्नायूंची एफिशियन्सी २५ टक्के धरली तर खर्च ७. (खाण्याच्या बाबतीत आपण ज्याला 'कॅलरी' म्हणतो ती खरी किलोकॅलरीच असते, पुढेही तसंच समजावं.) आता टपरीवरचा वडापाव घ्या, साधारण ३०० कॅलरी. ३०० भागिले ७ म्हणजे जिना ४२ वेळा चढायचा! एकदा चढून "आज व्यायाम झाला" म्हणत वडापाव खाणारा मीच होतो.

त्यामुळे सुरुवात तोंडापासून केली. दिवसाला पाच चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर. एक चमचा २० कॅलरी, म्हणजे २०० नुसत्या साखरेच्या. आता दोनच चहा, एकेक चमचा. वडापाव रोजचा आठवड्यातून दोनदावर आणला. मेसमध्ये भाजीवरची तर्री बाजूला काढतो (तेलाच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी, पिठाच्या किंवा डाळीच्या दुप्पट!), भात निम्मा आणि वरण दोन वाट्या. पहिल्या आठवड्यात मावशी रागावल्या, "का रे, माझ्या हातचं आवडेनासं झालं?" आता त्याच वरण वाढताना तळाची डाळ ढवळून घालतात. नाश्ता मात्र एकही दिवस सोडला नाही. पोटभर पोहे खाल्ले की अकराला टपरी आठवत नाही.

आठवड्यातून चार दिवस सकाळी पाऊण तास भरभर चालतो. त्यात जेमतेम २०० कॅलरी जातात, पण काम करणारा स्नायू इन्सुलिनची वाट न बघता रक्तातली साखर आत घेतो. बाबांसाठी ही गोष्ट माझ्या वजनापेक्षा मोठी.

एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. चहा, वडापाव आणि चालणं धरून सात महिन्यांत कागदावर १३ किलो कमी व्हायला हवे होते. झाले ७. उरलेल्याचं काय? वजन उतरतं तसं शरीर कमी ऊर्जेत भागवायला लागतं, चालून आलं की भूक वाढते, आणि रविवारच्या फीस्टला श्रीखंड असतं! कुठलंही मशीन शंभर टक्के एफिशियन्सी देत नाही, मग मी कसा देणार?

आता जे बारीक मित्र हसत हसत वाचतायत त्यांच्यासाठी. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये दोघांचा फोटो छापला होता. दोघांचाही बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्या २१.२ टक्के! म्हणून काट्यावर विसंबू नका, शिलाईची टेप घेऊन बेंबीजवळ कंबर मोजा. आमच्या विंगमध्ये एका काटकुळ्या मित्राची ९२ निघाली. त्या दिवसापासून सकाळी दार वाजवून तोच मला उठवतो.

माझी सध्या ९१ आहे. एक सेंटीमीटर अडून बसलाय. बाबाही आता रोज चालतात. रविवारी फोनवर ते मार्कांच्या आधी कंबर विचारतात, आणि मी त्यांची उपाशीपोटीची साखर.