लहानसा तुकडा, मोठा निकाल

फुफ्फुसाच्या गाठींचे तुकडे तपासणं हे माझं रोजचं काम. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनकडचे नमुनेही माझ्याकडे येतात. त्यांत औषध ठरवायला मदत करणारं एएलके हे प्रथिन शोधता शोधता काही गोष्टी मनात पक्क्या झाल्या.

१. दुर्मीळ म्हणून सोडून द्यावं, असं काही नसतं. फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या १०० रुग्णांत साधारण ३ ते ५ जणांत एएलकेचा बिघाड सापडतो. त्यांत कधी विडीला हात न लावलेले, तुलनेनं तरुण असे बरेच. पण माणूस बघून ओळखता येत नाही. सगळ्यांचीच तपासणी करावी लागते.

२. तपासणी सुरू होते ती सुई टोचली त्या खोलीत. शेवईएवढा तो तुकडा लगेच १० टक्के फॉर्मालिनमध्ये पडायला हवा आणि ६ ते ७२ तास राहायला हवा. गणित चुकलं, तर प्रथिन रंग नीट धरत नाही. पावसाळ्यात मांडव्याच्या लाँच बंद असतात, गाडी वडखळला खोळंबते. अशा वेळी बाटलीवर वेळ लिहिणाऱ्या सिस्टरचे मी मनापासून आभार मानते.

३. हात आवरता आला पाहिजे. तुकडा बसवलेल्या मेणाच्या ब्लॉकमधून प्रत्येक चाचणीला एकेक काप जातो. कर्करोगाचा प्रकार ठरवण्यातच तुकडा संपला, तर औषध ठरवायला उरतं काय?

४. ‘निगेटिव्ह’ लिहिताना जास्त थांबावं. आम्ही सोबत अपेंडिक्सचा काप रंगवतो. त्याच्या चेतापेशींत एएलके मुळातच असतं. तिथे तपकिरी रंग उमटला, तरच गाठीतल्या कोऱ्या पेशींवर विश्वास ठेवायचा.

५. विज्ञान कधी कधी खरंच धावतं. जपानच्या हिरोयुकी मानो यांच्या गटानं २००७मध्ये फुफ्फुसाच्या कर्करोगातला एएलकेचा हा बिघाड दाखवला; २०११मध्ये अमेरिकेत त्यावरच्या क्रिझोटिनिब या औषधाला मान्यता मिळाली. पुढे आलेल्या लोरलॅटिनिबच्या चाचणीत ५ वर्षांनंतरही ६० टक्के रुग्णांचा आजार वाढलेला नव्हता. पसरलेल्या कर्करोगात, गोळ्यांवर! हे आकडे वाचले की कापाकडे पाहायची नजरच बदलते.

६. ब्लॉक रुग्णाचा ठेवा आहे. परळला टाटा रुग्णालयात जाताना नातेवाईक फाईल, एक्स-रे सगळं नेतात; ब्लॉक मात्र गावच्या लॅबमध्येच राहतो. तो मागून घ्या, नावनंबर तपासा, उन्हात ठेवू नका. पुढची तपासणी कागदावर होत नाही, त्या तुकड्यावरच होते.