मुंबईची सात बेटे आणि पाण्याची वाट

आपल्या गावातले कोणी ना कोणी मुंबईला असतेच. कुणाचा भाऊ लालबागला, कुणाचा मामा परळला, तर कुणाची लेक दादरला. मुंबई म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? उंच इमारती, आगगाड्या आणि माणसांची गर्दी. पण ह्या मुंबईला डोंगर आहेत. खाडी आहे, झरा आहे आणि एक नदीसुद्धा आहे. त्या कुणाच्या फारशा ध्यानात येत नाहीत. आम्ही एकदा मुद्दाम त्या पाहायला निघालो. काय पाहिले ते सांगतो.

सात बेटे

पूर्वी मुंबई ही एक सलग जमीन नव्हती. ती सात बेटे होती. चहूकडे पाणी आणि मध्ये जमीन, त्याला बेट म्हणतात. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम ही ती सात बेटे. तिथे कोळी, आगरी, भंडारी लोक राहत. कुणी मासे धरी, कुणी भात पिकवी, तर कुणी माडाची राखण करी.

1534 साली गुजरातच्या सुलतानाने ही बेटे पोर्तुगीजांना दिली. पुढे पोर्तुगालच्या राजकन्येचे लग्न इंग्लंडच्या राजाशी ठरले. 1661 च्या त्या करारात मुंबई आंदण म्हणून गेली. 1668 साली राजाने ती ईस्ट इंडिया कंपनीला दिली. भाडे किती? वर्षाला अवघे 10 पौंड!

नावे बोलतात

आम्ही गिरगावातून निघालो. गिरी म्हणजे डोंगर. डोंगराच्या पायथ्याचे गाव ते गिरगाव, असे म्हणतात. तो डोंगर म्हणजे आजची मलबार टेकडी. गिरगावातल्या वाड्यांची नावे वाचा. खेतवाडी, कांदेवाडी, फणसवाडी, मुगभाट. आज तिथे ना शेत आहे, ना फणस. पण नाव राहिले आहे. तसेच चिंचपोकळीत चिंच आहे आणि वडाळ्यात वड आहे. डोंगरी म्हणजे टेकडी. उमरखाडी ह्या नावात उंबर आहे आणि खाडीही आहे. पायधुणी म्हणजे पाय धुण्याची जागा. तिथे पूर्वी खाडीचे पाणी येई.

पाहा बरे, आपण वाचायला शिकलो म्हणून नुसत्या पाट्यांवरून गावाचा इतिहास कळला!

समुद्राच्या काठी गोडे पाणी

चौपाटीवरून आम्ही वाळकेश्वरला गेलो. तिथे बाणगंगेचे तळे आहे. समुद्र अगदी हाकेच्या अंतरावर, पण तळ्याचे पाणी गोडे. लोक सांगतात की, रामाला तहान लागली, त्याने बाण मारला आणि गंगा वर आली. ही झाली कथा. पाणी गोडे कसे, ह्याचे कारणही समजून घेऊ. पावसाचे पाणी टेकडीच्या कातळात मुरते. भेगांतून हळूहळू उतरते आणि पायथ्याशी झरा होऊन निघते. आपल्या गावच्या डोंगराखालचा झरा असाच असतो. कातळही तोच, सह्याद्रीचा काळा दगड.

समुद्राला बांध

मुंबईच्या जमिनीची घडण ध्यानात घ्या. पश्चिमेला मलबार टेकडी आणि वरळीची टेकडी. पूर्वेला डोंगरी, माझगाव, शिवडी ह्या बाजूच्या टेकड्या. दोन्हींच्या मध्ये खोलगट पट्टा. जणू दोन बांधांच्या मधले खाचरच.

महालक्ष्मी आणि वरळी ह्यांच्यामध्ये एक खिंड होती. भरती आली की समुद्र त्या खिंडीतून आत शिरे आणि हा सारा खोलगट पट्टा बुडे. इंग्रजांचा गव्हर्नर हॉर्नबी ह्याच्या काळात, 1784 च्या सुमारास, तिथे दगडी बांध झाला. लोक असे सांगतात की, बांध राहता राहीना. मग रामजी शिवजी नावाच्या प्रभू कारागिराला स्वप्न पडले. त्याने समुद्रातून देवीची मूर्ती काढली आणि बांध टिकला. महालक्ष्मीच्या देवळाची ही कथा आजही सांगतात. बांध मात्र खरा. आज त्यावरून मोठा रस्ता जातो.

मग खाड्या बुजवणे सुरू झाले. टेकड्या फोडल्या, त्यांचा दगड आणि मुरूम पाण्यात टाकला. 1838 साली कुलाबा रस्त्याने जोडला गेला. 1845 साली माहीम आणि वांद्रे जोडले गेले. सात बेटांची एक मुंबई झाली. त्या बुजवलेल्या जमिनीवर पुढे गिरण्या आल्या, चाळी आल्या. कोकणातून आणि घाटावरून आपली माणसे पोटासाठी तिथे आली.

पाणी वाट विसरत नाही

परळ आणि दादर ह्यांच्यामध्ये हिंदमाता नावाची जागा आहे. ती बशीसारखी खोलगट आहे. तिथल्या चाळीत आम्ही एका आजींना विचारले, "आजी, पावसात इथं पाणी येतं का हो?"

आजी हसल्या. म्हणाल्या, "येतं का? अरे, दरसाल येतंय! जून लागला की आम्ही धान्याचे डबे फळीवर चढवतो. पोरांची पुस्तकं आधी वर, मग गाद्या. पाणी काय सांगून येतं?"

पाणी सांगून येत नाही खरे. पण ते कुठे येणार, हे जमीन सांगते. पाऊस पडला की पाणी खोलगट जागी जमते. तिथून ते नाल्याने समुद्राला जाते. पण त्या वेळी समुद्राला मोठी भरती असली तर? मग नाल्याचे तोंडच पाण्याखाली जाते. पाणी तुंबते आणि घरात शिरते. म्हणून आता पाणी उपसायला मोठे पंप बसवले आहेत. हिंदमाताचे पाणी साठवायला जमिनीखाली टाक्याही बांधल्या आहेत.

भरती केव्हा येणार, हे एका कोळी बाबांनी आम्हांला सांगितले. "तिथीची पाऊणपट करा. चतुर्थी असली तर चारची पाऊणपट तीन. म्हणजे तीनच्या सुमाराला पुरी भरती." दुपारी तीनला आणि पहाटे तीनच्या आसपास. अष्टमीला सहाच्या सुमाराला. घड्याळ नव्हते तेव्हापासून कोळ्यांचा हा हिशेब आहे. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास भरती सर्वांत मोठी असते.

मिठी नदी

शेवटी आम्ही माहीमच्या खाडीवर गेलो. तिथे मिठी नदी समुद्राला मिळते. विहार आणि पवई तलावांचे सांडपाणी म्हणजे भरून वाहिलेले पाणी, त्यातून ही नदी होते. लांबी सुमारे 18 किलोमीटर. लहानच नदी. तिच्या काठी लोकांनी भराव टाकले, घरे बांधली, कचरा ओतला. तिचे पात्र आकसले. विमानतळापाशी तर तिला वळणे घ्यावी लागली.

26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला. म्हणजे तीन फुटांहून जास्त. त्याच दिवशी कुलाब्याला अवघा 73 मिलिमीटर! एकाच शहरात इतका फरक. मिठी नदी काठ सोडून वाहिली. शेकडो माणसे दगावली. ज्या नदीला लोक नाला म्हणत होते, ती नदी आहे हे त्या दिवशी सर्वांना कळले.

हे मुंबईपुरतेच नाही. 22 जुलै 2021 ला चिपळूणची बाजारपेठ वाशिष्ठी नदीच्या पुरात बुडाली. घाटात पाऊस कोसळत होता, आणि खाली खाडीला भरती होती.

आपल्या गावी काय करावे?

आपल्या गावातही ओहोळ असतो, खाजण असते, नदीचे जुने पात्र असते. उन्हाळ्यात ते कोरडे दिसते. जागा स्वस्त मिळते. मग आपण तिथे घर बांधतो. मंडळी, असे करू नका. आधी म्हाताऱ्या माणसांना विचारा, "पूर कुठपर्यंत आला होता?" जागेचे नाव काय, ते पाहा. नावात खाडी, तळे, ओहोळ असे काही आहे का? ओहोळ बुजवू नका. त्यात कचरा टाकू नका. घर एक हात उंच जोत्यावर बांधा.

जमीन आपल्या नावावर होते. सातबाऱ्यावर आपले नाव लागते. पण पाण्याची वाट कुणाच्या नावावर होत नाही. ती मोकळी ठेवली तरच आपले घर सुखरूप राहते.

शब्दांचे अर्थ

आंदण : लग्नात मुलीला दिलेली वस्तू.
खाजण : भरतीचे खारे पाणी येते ती जमीन.
जोते : घराचा जमिनीवर उचललेला पाया.
पात्र : नदी जिथून वाहते ती जागा.

सांगा पाहू

1. मुंबईची सात बेटे कोणती?
2. बाणगंगेचे पाणी गोडे का?
3. आज तिथी कोणती? तिची पाऊणपट करा. भरती किती वाजता येईल?
4. आपल्या गावातल्या पाच जागांची नावे लिहा. त्या नावांवरून काय कळते?
5. आपल्या गावात पाण्याची वाट कुठे अडली आहे? ती मोकळी करायला सर्वांनी मिळून काय करता येईल?