हृदय : संहितांतील आणि शरीरक्रियाशास्त्रातील

बेळगावात आयुर्वेद आणि आधुनिक वैद्यक ही दोन्ही शास्त्रे शेजारी शेजारी नांदत आली आहेत. के. एल. ई. संस्थेचे कंकणवाडी आयुर्वेद महाविद्यालय १९३३ मध्ये, तर जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय १९६३ मध्ये सुरू झाले. साहजिकच कॅम्पातील आमच्या दवाखान्यांत येणारा रुग्ण पुष्कळदा दोन्ही शास्त्रांची भाषा एकाच दमात बोलतो. ‘छातीत वायू धरला आहे’ असे तो म्हणतो आणि त्याच वेळी कोलेस्टेरॉलचा अहवाल पुढे ठेवतो. म्हणूनच हृदयाविषयी ही दोन शास्त्रे काय सांगतात, हे नीट पारखून पाहणे मला अगत्याचे वाटते.

चरकाने सूत्रस्थानाच्या तिसाव्या अध्यायात हृदयाला दहा महामूल वाहिन्यांचे मूळ म्हटले आहे. शिर आणि बस्ती यांच्यासह ते तीन प्रमुख मर्मांपैकी एक होय. ओज, चेतना आणि मन यांचे स्थानही तेथेच मानले गेले. सुश्रुताने त्याला अधोमुख कमलकलिकेची उपमा दिली. हे कमळ जागेपणी उमलते व निद्रेत मिटते, असे तो म्हणतो. वाग्भटाने तर आपल्या ग्रंथालाच ‘अष्टांगहृदय’ हे नाव दिले. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने त्यावर ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिली.

आता आधुनिक शरीरक्रियाशास्त्राकडे वळू. प्रौढ माणसाचे हृदय साधारण ३०० ग्रॅम वजनाचे असते. विश्रांतीच्या वेळी ते मिनिटाला सुमारे ७० वेळा आकुंचन पावते आणि दर ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त पुढे ढकलते. म्हणजे मिनिटाला जवळजवळ पाच लिटर! १६२८ मध्ये विल्यम हार्वेने हाच हिशेब मांडला. अर्ध्या तासात हृदयातून जाणारे रक्त खाल्लेल्या अन्नातून तयार होणे शक्य नाही. तेव्हा तेच रक्त फिरून परत येत असले पाहिजे, हा त्याचा निष्कर्ष. धमन्या व शिरा यांना जोडणाऱ्या केशवाहिन्या मात्र त्याला दिसल्या नव्हत्या. त्या १६६१ मध्ये माल्पिघीने सूक्ष्मदर्शकातून पाहिल्या.

‘हे सारे आपल्या ग्रंथांत आधीच होते’ असे व्यासपीठावरून अनेकदा ऐकू येते. मला हा दावा मान्य नाही. व्यान वायूने प्रेरित झालेला रस सतत सर्व शरीरात जातो, हे चरकाने सांगितले आहे आणि ते निरीक्षण थोर आहे. परंतु हृदयाचे चार कप्पे, झडपा आणि रक्ताच्या परतीचा मोजून सिद्ध केलेला मार्ग संहितांत आढळत नाही. निद्रेत हृदय मिटतही नाही. त्याची गती मंदावते, एवढेच. जे ग्रंथात नाही ते त्याच्यावर लादल्याने ग्रंथाची थोरवी वाढत नाही.

संहितांचे खरे बळ रुग्णाच्या निरीक्षणात आहे. कफज हृद्रोगाची कारणे सांगताना चरक अतिभोजन, गुरू व स्निग्ध आहार, निश्चिंतपणा, व्यायामाचा अभाव आणि अतिनिद्रा यांची गणना करतो; अशा रुग्णाचे हृदय दगडाखाली दडपल्यासारखे जड होते, असेही लिहितो. हृद्रोगाच्या सामान्य कारणांत त्याने चिंता, भय आणि त्रास यांनाही स्थान दिले आहे. तीव्र शोकाने डावे जवनिक तात्पुरते दुर्बल होऊन फुग्यासारखे फुगते, या विकाराचे वर्णन जपानी वैद्यांनी १९९० च्या सुमारास केले. मनाचे प्रमुख अधिष्ठान आज आपण मेंदूत मानतो. पण मनाचा घाव हृदयावर उमटतो, ही जाण जुनीच आहे.

या दोन शास्त्रांचा मेळ कसा घालावा, याचा धडा मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी घालून दिला. परंपरेतील सर्पगंधा त्यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवर तपासली आणि निष्कर्ष १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केले. जगाने त्यांची दखल घेतली. पुढे खिन्नतेसारखे दुष्परिणाम लक्षात आले, अधिक सुरक्षित औषधे आली आणि तिचा वापर कमी झाला. स्वीकार आणि मर्यादा, दोन्ही गोष्टी परीक्षणातूनच ठरल्या.

अर्जुनाच्या सालीलाही हाच न्याय लावावा. चक्रदत्ताने ती दुधात उकळून देण्यास सांगितली आहे. आजवरचे अभ्यास लहान असले तरी दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. तथापि चालू गोळ्या बंद करून अर्जुनारिष्टावर विसंबणारे रुग्ण पाहिले की मन धास्तावते. रोहिणी गुठळीने बंद झाल्यावर प्रत्येक मिनिटाला हृदयाचा स्नायू मरत असतो. निपाणी बेळगावपासून पाऊणशे किलोमीटरच्या आसपास आहे. खानापूरच्या जंगलपट्टीतील गावांना तर वाहन मिळण्यापासून अडचण. अशा ठिकाणी ‘पित्त असेल, सकाळी बघू’ हे वाक्य जीवघेणे ठरते.

छातीत दडपण, घाम, डाव्या हातात वा जबड्यात कळ, दम लागणे यांपैकी काहीही जाणवल्यास जवळच्या वैद्याने, मग तो कोणत्याही पॅथीचा असो, विलंब न लावता ईसीजी काढवून घ्यावा आणि रुग्णाला पुढे पाठवावे. वृद्ध, स्त्रिया व मधुमेही यांच्यात कळ नसतानाही झटका येऊ शकतो, हे ध्यानी असावे. चरकाने हृदयाला मर्म म्हटले. त्याला इजा झाली असता वाट पाहू नये, हा त्या शब्दातला अर्थ दोन्ही शास्त्रांच्या वैद्यांनी सारख्याच गांभीर्याने पाळावा, अशी माझी नम्र विनंती आहे.